धनश्रीसाठी केलेला कीबोर्ड

नेकनूरच्या स्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, लग्नपत्रिका, सगळं निघतं. लाइट असली तर लगेच निघतं. लोक कागद घेऊन येतात, घाई करतात आणि सर्व्हर बंद पडला की शिव्या मला देतात. मीही ठेवून घेत नाही, परत देतो. माझी जीभ बरी नाही हे गावाला ठाऊक आहे. माझा मित्र परमेश्वर मात्र माझ्या जिभेला कधी भ्याला नाही. तो आला की खुर्चीत बसायच्या आधी माझा कीबोर्ड उचलायचा, टेबलावर उलटा आपटायचा आणि खाली पडलेला चुरा बोटानं गोळा करून मला दाखवायचा.

"शिवा, ह्याच्यावर फॉर्म भरतोस का फरसाण खातोस बे?"

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढला असता. परमेश्वरला काढता येत नव्हतं. एक तर तो शाळेपासूनचा सोबती. आणि दुसरं म्हणजे, तो चुरा दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख असायचं.

गावाबाहेरच्या माळावर आसाराम मेंढरंवाल्याची वस्ती आहे. परमेश्वर हा त्यांचा एकुलता एक. मेंढपाळाच्या घरात जन्माला आला आणि लोकरीच्या धुळीनं त्याला दमा उठायचा. कळपात शिरला की घटकाभरात छातीचा भाता सुरू. आसारामतात्यांनी सगळं करून बघितलं, दवाखाने केले, अंगारे लावले आणि शेवटी नाद सोडून पोराला शाळेतच ठेवलं. तसा तो बी.ए. झाला, कॉम्प्युटर शिकला आणि ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून चिकटला. दाखले टाइप करणं हे त्याचं काम. त्याचे हात बघितले तर कुणी म्हणणार नाही की हा माळावरचा माणूस आहे. बोटं लांब, मऊ, नखं साफ.

कीबोर्डाचं वेड त्याला बीडच्या एका भंगारवाल्याकडं लागलं. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला जुना, जडशीळ कीबोर्ड तिथं पडला होता. आपल्या साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराची एकच पातळ चादर असते. ह्याच्यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच आणि प्रत्येक स्विचात वेगळी स्प्रिंग. परमेश्वरनं तो घरी नेला, रॉकेलनं धुतला, एकेक बटण वाळत घातलं. चतुराबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, आधी वाटलं पोरानं कसल्या तरी बिया वाळत घातल्यात. मग तो व्हिडिओ बघायला लागला आणि माझ्या दुकानावर त्याच्या नावानं पार्सलं यायला लागली, कारण कुरिअरवाला काही माळावर जात नाही. स्विच, कीकॅप म्हणजे बटणांवरच्या टोप्या, स्प्रिंगा, ग्रीसची इवलीशी बाटली. तो एकेक स्विच खोलायचा, बारीक ब्रशनं आतून ग्रीस लावायचा, परत मिटायचा आणि कानाजवळ नेऊन दाबायचा. एक बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. माझ्या कानाला सगळे सारखेच वाजायचे.

त्याचे वडीलही तसलेच. बाजारात मेंढराच्या गळ्यातली घाटी घ्यायची तर आसारामतात्या डोळे मिटून दुकानातल्या सगळ्या घाट्या एकामागून एक वाजवून बघत. दुकानदार मेटाकुटीला येई. बापलेकांचं बोलणं फारसं नव्हतं, पण एकदा तात्यांनी परमेश्वरच्या कीबोर्डाचं एक बटण दाबलं आणि म्हणाले, "रिकामं वाजतंय. आत काय तरी भर." परमेश्वरनं जुन्या घोंगडीचा तुकडा कापून कीबोर्डाच्या पोटात बसवला, आणि आवाज असा काही भरून आला की मलासुद्धा फरक कळला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक कीबोर्डात घोंगडीचा तुकडा असायचा. इंटरनेटवर ओळख झालेल्या बेंगळुरूच्या कीबोर्डवेड्या पोरांना त्यानं फोटो पाठवले, त्यांनी कौतुक केलं, आणि हा आठवडाभर जमिनीवर नव्हता.

गावात मात्र कुणाला त्याचं काय असणार? "मेंढरं सोडली अन् बटणं राखायला लागला," असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. दसऱ्याला चतुराबाईंनी कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री आणि लेकाचा कीबोर्ड एका ओळीत मांडला आणि मनापासून हळदकुंकू वाहिलं, वर पाणीही शिंपडलं. परमेश्वर कुंकू काढत बसला आणि आईला एक शब्द बोलला नाही. त्याला आतून काय वाटायचं हे मला ठाऊक होतं. त्याला एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणायला हवं होतं की ह्याचा उपयोग आहे.

धनश्री ही त्याची बायको, वडवणीकडची. तीही बी.ए., आणि त्याच्यापेक्षा हुशार. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचो आणि तो हसून मान्य करायचा. लग्नानंतर ती एसटीनं बीडला जाऊन टायपिंग शिकली. संस्थेत होता तसलाच एक काळा, साधा, रबरी कीबोर्ड तिनं घेतला होता. बाजाराच्या दिवशी तो पिशवीत घालून ती माझ्या दुकानात यायची आणि पत्रिका, अर्ज, भाडेकरार टाइप करून द्यायची. मराठी टायपिंगला बोटं आणि डोकं दोन्ही लागतं, जोडाक्षरांना शिफ्ट सारखं दाबावं लागतं. हिचं असं की हात पूर्ण टेकवून, बटणांवर बोटं रोवून ठेवायची आणि मग एकेक अक्षर ठोकायची. कापूस वेचणारा, भाकरी थापणारा हात तो; हलकं काही त्याला येतच नव्हतं. पण काय वेग! गिऱ्हाइकं स्वतःचं काम विसरून बघत राहायची.

लिपिक-टंकलेखकाच्या लेखी परीक्षेत ती पास झाली तेव्हा वस्तीवर पेढे वाटले गेले. उरली होती टायपिंगची चाचणी. ठराविक वेळात उतारा टाइप करायचा आणि चुका एका मर्यादेच्या आत ठेवायच्या. एवढं झालं की नोकरी.

त्याच सुमाराला आसारामतात्यांचे गुडघे गेले. माळाचा चढ त्यांना जमेना. कळप कुणी सांभाळायचा हा प्रश्न होता आणि उत्तर घरात सगळ्यांना माहीत होतं. परमेश्वरला दमा, चतुराबाई थकलेल्या. एका संध्याकाळी जेवताना तात्यांनी सांगून टाकलं: सूनबाईला नोकरी लागली तर मेंढरं विकून टाकू, नाही लागली तर मेंढरामागं तिलाच जावं लागंल. ह्यात जुलूम नव्हता. तात्या चांगला माणूस. धनश्रीनंही "व्हय" म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात ती मला म्हणाली, "भावजी, मेंढरामागं गेले की माझं शिकलेलं समदं माळावर जाणार. येक डाव तिकडं गेलेलं माणूस परत येत न्हाई." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि परत टाइप करायला लागली.

मग चाचणीच्या सूचना आल्या. माझ्याच दुकानात प्रिंट काढली. त्यात लिहिलं होतं की उमेदवाराला स्वतःचा कीबोर्ड आणता येईल.

परमेश्वरनं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. असा आनंद मी त्याच्या तोंडावर लग्नातही बघितला नव्हता. "शिवा, आता बघ," एवढंच म्हणाला. आणि लागला कामाला. ग्रामपंचायतीतून आला की स्विच, जेवला की स्विच. मराठी अक्षरं कोरलेल्या कीकॅप त्यानं कुठून तरी करवून घेतल्या. स्प्रिंगा घेतल्या त्या सगळ्यात हलक्या. बायकोच्या करंगळीला शिफ्ट दाबून त्रास होऊ नये, बोट ठेवलं की अक्षर उमटावं, हा त्याचा हिशेब. स्वतः टाइप करून बघायचा आणि मान डोलवायचा. आवाज तर असा की पावसाळ्यात पत्र्यावरनं थेंब ओघळावेत. आता खोटं कशाला बोलू, वस्तू देखणी झाली होती.

धनश्रीनं पहिल्यांदा त्यावर हात ठेवले आणि ती काही टाइप करायच्या आधीच पडद्यावर अक्षरांची रांग लागली.

"अवो, लई हलका हाय. बोट टेकलं तरी उमटतंय."

"सवय व्हईल," परमेश्वर म्हणाला. "बोटं रोवायची न्हाईत. वरच्या वर ठेवायची."

तिनं सवय करायला घेतली. बोटं वरच्या वर ठेवून, श्वास धरून टाइप करायची. जमायलाही लागलं, खोटं नाही. मन शांत असलं की जमायचं. दिवसभर कापसात काढून आली की हात जड व्हायचे, बोटं टेकायची आणि एका अक्षराची दोन अक्षरं व्हायची. मग ती पिशवीतून आपला काळा कीबोर्ड काढायची, दोन-चार पानं सपासप करायची आणि परमेश्वर येताना दिसला की परत पिशवीत ठेवायची. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मी त्याला सांगितलं. स्पष्ट सांगितलं. "हा कीबोर्ड तू तुझ्या हाताला केलायस बे. तिच्या हाताला न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कीबोर्डातलं कायच कळत न्हाई. पर तिचे हात मला दिसत्यात."

तो उठून गेला आणि बरेच दिवस दुकानाकडं फिरकला नाही. मीही बोलावलं नाही. माझाही ताठा कमी नाही.

चाचणी छत्रपती संभाजीनगरला, शहराबाहेरच्या एका कॉलेजात होती. मी रुसवा गिळला आणि माझी गाडी काढली. परमेश्वर पुढं बसला, मांडीवर त्याचा कीबोर्ड, घोंगडीतच गुंडाळलेला. धनश्री मागं, तिची पिशवी उराशी धरून. गेवराईला चहाला थांबलो तर तिनं चहा तसाच ठेवला. तिचे हात थंड पडले होते. ती ते सारखे चोळत होती.

कॉलेजच्या गेटावर रांग होती. परमेश्वरनं आपला कीबोर्ड तिच्या हातात दिला. तिचा नंबर आला तसं गार्डनं पिशवी उघडायला लावली, आत हात घातला आणि काळा कीबोर्ड बाहेर काढला. तो टॉवेलात गुंडाळला होता, वर नीट गाठ मारलेली.

"हे काय? दोन दोन? एकच नेता येईल, ताई. कोणता ते ठरवा."

परमेश्वर काळ्या कीबोर्डाकडं बघत उभा राहिला. त्याला ठाऊक नव्हतं. ती काळा घेऊन आली असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. धनश्री त्याच्याकडं बघत होती. मागची पोरं पुढं ढकलत होती.

मी म्हणालो, "धनश्री, तुझ्या हाताला बसतोय तो ने. बाकी कशाचा इचार करू नको."

तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. ती त्याच्याकडंच बघत राहिली. परमेश्वर काही बोलला नाही. गार्ड म्हणाला, "चला, ताई, लवकर." मग तिनं काळा कीबोर्ड त्याच्या हातात दिला आणि त्यानं केलेला घेऊन आत गेली.

आम्ही समोरच्या लिंबाखाली बसलो. परमेश्वर काळा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. मला त्याला झोडपून काढावंसं वाटत होतं आणि त्याची दयाही येत होती. तो मधेच म्हणाला, "तिनं माझाच नेला बे." त्यात अभिमान होता. मी तोंड दुसरीकडं केलं.

ती बाहेर आली तेव्हा हसत होती. "आवाज लई ग्वाड येत व्हता," ती त्याला म्हणाली. "शेजारची पोरगी वळून बघत व्हती." परमेश्वर खुलला. परतीच्या वाटेवर तो स्विचांबद्दल बोलत राहिला आणि ती हूं हूं करत राहिली. आरशात मला तिचे हात दिसत होते. ते मांडीवर उताणे पडले होते.

निकाल माझ्याच दुकानात बघितला. वेग भरपूर होता. चुका मर्यादेच्या बाहेर. धनश्री "बरं" म्हणाली, पदर सारखा केला आणि बससाठी उभी असलेली चतुराबाईंची एक नातेवाईक दिसली, तिच्याशी दोन शब्द बोलून घरी गेली. पुढच्या आठवड्यात ती मेंढरं घेऊन माळावर जाताना दिसली. डोक्याला टॉवेल, हातात काठी, पायात परमेश्वरच्या जुन्या चपला. मी दुकानातून बघितलं आणि मला कुणाचाच फॉर्म भरवेना.

परमेश्वरनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, म्हणजे स्विच खोलायला. चूक कुठं झाली हे त्यानं शोधून काढलं आणि आनंदानं नाही म्हणता येणार, पण घाईनं माझ्याकडं आला. म्हणाला, भीती वाटली की माणसाचे हात जड होतात, जड हात टेकतात, आणि हलकी स्प्रिंग टेकलेलं बोट ओळखत नाही, दाबलंच समजते. म्हणून त्यानं जड स्प्रिंगा मागवल्या होत्या. माझ्या टेबलावर कीबोर्ड उघडून तो एकेक बदलत बसला. पुढच्या भरतीची जाहिरात कधी निघणार, निघणार का, हे कुणाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात धनश्री आली. सासूचं आधार अपडेट करायचं होतं, कागद घेऊन आली होती. उन्हानं चेहरा रापला होता, पायावर काट्यांचे ओरखडे होते.

"ये, ये," परमेश्वर म्हणाला. "आता दाबून बघ. समदं बदललं. स्प्रिंगचंच चुकलं व्हतं."

तिनं उभ्या उभ्याच एक बटण दाबलं. "चांगलं झालंय," म्हणाली. मग म्हणाली, "पर स्प्रिंगचं न्हाई चुकलं."

"मग कशाचं?"

"गेटावर मी थांबलते. तुमी म्हणाल, काळा ने, म्हणून. भावजी म्हणले. तुमी कायच म्हणला न्हाईत."

"मी नको बी म्हणलो न्हाई," परमेश्वर म्हणाला. "तुझं तू ठरवायचं व्हतं."

"व्हय. काळ्यावर मी पास झाले असते, हे मला ठावं व्हतं. तुमाला बी ठावं व्हतं." ती चिडली नव्हती. हिशेबाचं बोलावं तसं बोलत होती. "त्यो कीबोर्ड पास व्हावा असं तुमाला वाटतंय का मी, येवढंच मला बघायचं व्हतं. तुमचं तोंड बघितलं, अन् मग मी कशाला काळा न्यायचा?"

परमेश्वरच्या हातात एक स्प्रिंग होती. ती त्यानं टेबलावर ठेवली.

धनश्रीनं कागद माझ्यापुढं सरकवले. मी तिचं काम केलं, पावती काढली, तिच्या हातात दिली. मेंढरं रस्त्याच्या कडेला उभी होती, तिला थांबायला वेळ नव्हता. ती गेली.

परमेश्वरनं उघडा कीबोर्ड बाजूला सरकवला. दोन गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली. मग तो म्हणाला, "शिवा, मी त्या येळी खरंच कीबोर्डाचाच इचार करत व्हतो बे." आणि तो रडायला लागला, तोंड न झाकता, मोठ्यानं. मी गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं खाली ओढून घेतलं.